पहिल्यांदाच करणाऱ्या माणसासाठी लिहिताना

२०२१ च्या खरिपात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. वावरातलं पीक शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून सातबाऱ्यावर नोंदवायचं, असं ठरलं. मी अमळनेरला एका ऑनलाइन सेवा केंद्रावर काम करते. त्या दिवसांत जो येई तो एकच प्रश्न घेऊन येई. शेवटी एका रात्री बसून मी सोळा ओळींचा लेख लिहिला, 'ई-पीक पाहणी कशी करावी', आणि ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. भराभर अंगठे आले. मला वाटलं, काम झालं.

तिसऱ्या दिवशी पारोळा तालुक्यातून मामांचा फोन आला. वावरातूनच बोलत होते. "माय, तू लिखेल शे, नोंदणी करा. पन कोठे करू? हाऊ फोन माले काहीतरी इचारी ऱ्हायना." फोन विचारत होता की ठिकाण वापरायची परवानगी द्यायची का. मामांनी 'नाही' दाबलं होतं. अनोळखी काही विचारलं तर 'नाही' दाबायचं, हे त्यांना मीच आदल्या दिवाळीत शिकवलं होतं. ठिकाण बंद म्हणून फोटोच्या पायरीवर सगळं अडलं, आणि माझ्या सोळा ओळींत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मामा तसेच घरी परत आले.

रविवारी मी गेले. बांधावरच्या निंबाखाली त्यांच्या शेजारी बसले, फोन त्यांच्याच हातात ठेवला आणि नुसती पाहत राहिले. सोळापैकी अकरा ओळींवर मामा थांबले. मामांना कपाशीवरची कीड पानाच्या मागच्या बाजूने ओळखता येते. त्यांच्या समजुतीत काही कमी नव्हतं, कमी माझ्या ओळींत होतं.

त्यानंतर मी लेख लिहायची पद्धत बदलली. सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, बँकेचं केवायसी, अशा बऱ्याच कामांवर लिहून झालंय. तुम्हाला एखादं काम येतं आणि गावातल्या, नात्यातल्या किंवा कॉलेजातल्या नवख्यांसाठी ते नीट लिहून ठेवावं असं वाटतंय, तर खालच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- एक वही आणि पेन. फोनवर टिपणं नको, कारण फोन त्या कामात अडकलेला असतो.
- एक साधा, थोडा जुना अँड्रॉइड फोन. तुमचा नवा फोन यासाठी चालत नाही. वाचकाच्या फोनचा पडदा छोटा असतो आणि मेमरी भरलेली असते.
- युनिकोड मराठी टाइप करणारा कीबोर्ड.
- फोनच्या गॅलरीतली फोटो कापायची आणि त्यावर रेघ मारायची सोय. वेगळं ॲप लागत नाही.
- ते काम आयुष्यात एकदाही न केलेला एक माणूस आणि त्याचा तासभर वेळ.

शेवटची गोष्ट मिळाली नाही तर लेख लिहू नका, थोडं थांबा. बाकी सगळ्याला पर्याय आहे.

१. काम स्वतः करा, आणि करतानाच टिपा

आठवणीतून लिहिलेला लेख हमखास अपुरा राहतो. एकदा हात बसला की मधल्या चार पायऱ्या आपल्याला दिसेनाशा होतात. सायकल येणाऱ्याला तोल कसा सांभाळतो ते सांगता येत नाही, तसंच हे.

म्हणून काम नव्याने, पहिल्यापासून करा. ॲप असेल तर काढून टाका आणि पुन्हा घ्या, म्हणजे पहिल्या वेळी येणारे परवानगीचे सगळे प्रश्न परत दिसतील. प्रत्येक टप्प्यावर वहीत तीन गोष्टी लिहा: मी काय दाबलं, मग काय दिसलं, आणि क्षणभर तरी मनात काय शंका आली. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. "हे ऐच्छिक आहे की भरायलाच हवं?" असं तुमच्या मनात आलं असेल तर वाचकाच्या मनात ते दहापट येणार.

एखादं काम तुम्ही आजच पहिल्यांदा शिकला असाल तर आजच टिपून ठेवा. आठवड्याने तोच गोंधळ तुम्हाला आठवणार नाही, आणि लेखाचा खरा माल तोच असतो.

लिहायला सुचत नसेल तर बोला. शेजारी कुणाला तरी बसवून ते काम तोंडी समजावून सांगा, फोनवर रेकॉर्ड करा आणि मग ते ऐकत लिहा. बोलताना आपण "विहित नमुन्यात माहिती सादर करावी" असं कधीच म्हणत नाही. लिहायला बसलो की मात्र हातातून सरकारी पत्र उतरायला लागतं.

२. वाचक एकच निवडा, आणि तो कोण ते पहिल्या दोन ओळींत सांगा

'सर्वांसाठी' लिहिलेल्या लेखात शेतकरी, विद्यार्थी आणि दुकानदार तिघंही आपली ओळ शोधत बसतात. मी लेखाच्या डोक्यावर असं लिहिते: "हा लेख कोणासाठी: सातबाऱ्यावर स्वतःचं नाव आहे, अँड्रॉइड फोन आहे, आणि ई-पीक पाहणी पहिल्यांदाच करायची आहे अशांसाठी. सामाईक खात्यासाठी पायरी ६ नीट वाचा." ज्याचं ते काम नाही तो इथूनच परत जातो आणि त्याचा वेळ वाचतो.

सारख्या दिसणाऱ्या दोन वाटा असतील तर तेही इथेच सांगा. सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेला किंवा कोर्टकामाला लागतो तो डिजिटल स्वाक्षरी केलेला, महाभूमी या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपये भरून घ्यायचा. हे पहिल्या परिच्छेदात नसलं तर माणूस सगळ्या पायऱ्या बरोबर करून चुकीचा कागद घेऊन बँकेत जातो. एक काका धरणगावच्या बाजूने असे दोनदा हेलपाटे घालून आमच्याकडे आले होते.

३. लागणाऱ्या कागदांची यादी सगळ्यात वर, कारणासकट

नुसती नावं पुरत नाहीत. कागद कशासाठी हवा आणि त्यातला नेमका कोणता आकडा लागणार ते लिहा. ई-पीक पाहणीसाठी माझी यादी अशी आहे:

- आठ-अ चा उतारा, म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणारा कागद. यातला खाते क्रमांक लागतो.
- सातबारा. यातला गट क्रमांक लागतो. जुने लोक 'सर्व्हे नंबर' म्हणतात, पण गटवारी झालेल्या गावात गट क्रमांक वेगळा असतो. सध्याच्या सातबाऱ्यावरचाच घ्या.
- पेरणीची तारीख आणि प्रत्येक पीक किती जागेत आहे तो आकडा, घरूनच कागदावर लिहून नेलेला.
- चार्ज केलेला फोन. फोटो वावरातच काढायचा असतो, त्यामुळे हे काम घरी बसून पुरं होत नाही.

शेवटची ओळ किरकोळ वाटेल. पण निम्मे लोक घरी ओट्यावर बसून सुरुवात करतात आणि फोटोच्या पायरीला अडतात. कुठे बसून करायचं, किती वेळ लागेल, मध्येच सोडून परत येता येतं का, हे कागदांइतकंच यादीत यायला हवं.

४. एका पायरीत एकच कृती, आणि पायरीच्या शेवटी खूण

सगळ्यात जास्त वेळ मी याच गोष्टीवर घालवते, म्हणून इथे थोडी थांबते.

माझी वहिनी पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती आईकडून भरीत शिकत होती. आईने सांगितलं, "वांगं भाजून घे." कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वहिनीने वांगी ठेवली, साल काळी झाली तशी काढली. बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायला घेतली तर आतून कच्ची. आई म्हणाली, "अगं, देठाशी दाबून बघायचं. बोट आत गेलं पाहिजे, कडेने पाणी सुटलं पाहिजे." आईच्या हाताला ही खूण इतकी सवयीची होती की ती सांगायची असते हेच तिच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वेळी वहिनीने देठ दाबून पाहिला आणि भरीत आईसारखं झालं.

फोनवरच्या कामालाही अशी देठाची खूण असते. प्रत्येक पायरीचे तीन भाग करा: काय करायचं, बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं, नाही झालं तर काय करायचं. माझ्या पहिल्या लेखात एक ओळ अशी होती:

"पिकाची आवश्यक माहिती भरून पुढे जा."

आता तीच गोष्ट चार पायऱ्यांत आहे. त्यातली एक:

"पायरी ९. क्षेत्राच्या चौकटीत कपाशी किती जागेत आहे ते हेक्टर आणि आरमध्ये लिहा. एक एकर म्हणजे साधारण ४० आर, म्हणजे ०.४० हेक्टर. दोन एकर कपाशी असेल तर ०.८०.
खूण: आकडा सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा लहान किंवा तेवढाच असला पाहिजे.
आकडा घेतला नाही तर: एकराचा आकडा तसाच टाकला का ते बघा. हेक्टरच्या चौकटीत २ लिहिलं तर ते जवळजवळ पाच एकर होतात."

लांबी वाढते, वाढू द्या. वाचक ओळी मोजत नाही, तो अडकला की नाही एवढंच त्याला कळतं. पायऱ्या मात्र फार झाल्या, वीसच्या वर गेल्या, तर कामाचे दोन लेख करा. नोंदणीचा एक, पीक नोंदवायचा दुसरा.

जी पायरी परत फिरवता येत नाही तिच्या आधी, वेगळ्या ओळीत, थांबायला सांगा. "हे दाबण्याआधी पिकाचं नाव आणि क्षेत्र पुन्हा वाचा. नोंद केल्यापासून ४८ तासांत ती दुरुस्त करता येते, त्यानंतर तलाठ्यांकडे जावं लागतं." ही सूचना पायरीच्या नंतर लिहून उपयोग नाही. माणूस वाचत वाचत दाबत जातो, पुढची ओळ वाचेपर्यंत बोट पडलेलं असतं.

५. पडद्यावरचा शब्द जसाच्या तसा, शेजारी आपला शब्द

बटणावर जे लिहिलंय तेच लेखात लिहा, अक्षरही बदलू नका. बटणावर 'पुढे' असेल आणि तुम्ही 'पुढील' लिहिलंत तर नवखा माणूस 'पुढील' शोधत बसतो. बटण इंग्रजीत असेल तर ते शब्द रोमन अक्षरांतच द्या म्हणजे चित्र जुळेल, आणि शेजारी देवनागरीत उच्चार लिहा.

मग आपला शब्द जोडा. 'निर्भेळ पीक' म्हणजे वावरात एकच पीक. 'चालू पड' म्हणजे यंदा पेरलं नाही ती जमीन. आपल्याकडे रब्बीच्या ज्वारीला सगळे दादर म्हणतात. यादीत 'दादर' शोधणाऱ्याला "ज्वारी निवडा, म्हणजे आपली दादर" असं सांगितलं की तो लगेच पुढे सरकतो. असा शब्द जोडला नाही की माणसाला वाटतं, आपलं पीक यादीतच नाही.

पूर्ण लेख अहिराणीत, म्हणजे मामा बोलतात त्या आमच्या खानदेशी बोलीत, लिहावा का, असं मला विचारतात. मी दोन्ही करून पाहिलं. लिहिलेली अहिराणी वाचायची सवय फार थोड्यांना आहे, बोलायची सगळ्यांना. शिवाय यावल-रावेरकडे लेवा बोली आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्यात घरात भिली किंवा पावरी बोलतात, तिथे मराठीच दुसरी भाषा ठरते. म्हणून लेख साध्या मराठीत, छोट्या वाक्यांत ठेवते आणि सोबत दोन-तीन मिनिटांची अहिराणी ध्वनिफीत पाठवते. मामा ती ऐकतात आणि कागदावर बोट ठेवून पायरी धरतात.

दिशेचे शब्द जपून वापरा. मी "खालचं बटण दाबा" लिहिलं होतं, मामांनी फोनचंच खालचं बटण दाबलं आणि ॲपमधून बाहेर आले. "पान वर सरकवा" म्हटलं तर बोट वर न्यायचं की पान, हा प्रश्न उरतो. "बोट काचेवर ठेवून खालून वर न्या" असं लिहिलं की तो मिटतो. "मागे या", "होमवर जा", "तिथे क्लिक करा" या तिन्हींवर मी कुणाला ना कुणाला अडलेलं पाहिलंय. 'तिथे' म्हणजे कुठे, ते लिहा.

६. अडचणी त्या त्या पायरीपाशीच सांगा

'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' म्हणून शेवटी यादी देण्याची पद्धत आहे. अडलेला माणूस तिथवर पोचत नाही. जिथे काटा आहे तिथेच सांगा. जवळपास प्रत्येक ऑनलाइन कामात भेटणारे काटे हे:

ओटीपी. आपण सगळीकडे सांगतो, ओटीपी कुणाला सांगू नका. मग लेखात "ओटीपी टाका" वाचलं की शहाणी माणसं घाबरून थांबतात, आणि त्यांचं बरोबर आहे. लिहा: "हा आकडा फक्त याच चौकटीत, स्वतःच्या हाताने टाका. फोन करून कुणी मागितला तर सांगू नका, अगदी आमच्या केंद्रातून बोलतोय म्हटलं तरी."

परवानगी. ठिकाण, कॅमेरा, फोटो, यातलं काय मागितलं जाईल आणि का, ते आधीच सांगा. वावरात उभं राहिल्याचा पुरावा म्हणून ठिकाण लागतं, एवढं कारण कळलं की मामांसारखा माणूस निश्चिंतपणे 'हो' म्हणतो. कारण न देता नुसतं "सगळ्याला परवानगी द्या" लिहू नका. त्यातून उद्या कुठल्याही भलत्या ॲपला 'हो' म्हणायची सवय लागते.

आकडे. मराठी कीबोर्डवरून १, २, ३ टाकले की बऱ्याच अर्जांत ते चालत नाहीत, इंग्रजी आकडेच लागतात. चूक काय ते पडद्यावर धड सांगितलेलं नसतं. आमच्याकडे 'मोबाइल नंबर घेत नाही' म्हणून येणाऱ्यांत हे कारण नेहमीचं.

आयएफएससी. हा ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. पाचव्या जागी लोक इंग्रजी 'ओ' टाकतात, कारण पासबुकावर दोन्ही सारखेच दिसतात. ही एक ओळ मी शिष्यवृत्तीच्या लेखात घातली, आणि त्या कारणाने परत येणाऱ्या पोरांचे फोन बंद झाले.

फाइलचा आकार. "अमुक केबीपेक्षा कमी फोटो चढवा" एवढ्यावर सोडू नका. कमी कसा करायचा ते दाखवा, नाहीतर लेखाचं काम तिथेच थांबतं.

७. चित्रं

चित्र घेताना आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल नंबर आणि नाव झाका. पेनच्या पातळ रेघेने झाकू नका, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. जाड, पूर्ण काळी पट्टी मारा किंवा तो भाग कापूनच टाका. आधार दाखवायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं, मास्क्ड आधार वापरा. आणि दुसऱ्याच्या फोनवरून चित्र घेतलं असेल तर त्याला विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकले. बटणाभोवती लाल गोल काढून "लाल गोलातलं बटण दाबा" असं लिहायचे. गावोगावी लेखाची झेरॉक्स फिरायला लागली आणि त्यात लाल रंग करडा झाला. आता मी गोलाच्या शेजारी ठळक आकडा लिहिते, १, २, ३, आणि मजकुरात तोच आकडा देते. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही तो वाचता येतो.

व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवलं की बारीक होतं आणि अक्षरं फिसकटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पूर्ण लेखाची एक हलकी पीडीएफ करून ठेवली तर आणखी बरं. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज येते-जाते, एकदा उतरवलेली फाइल तरी नंतर उघडते.

८. टायपिंग युनिकोडमध्येच

हे थोडक्यात. डीटीपीच्या दुकानात कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर कागदावर छान दिसतो, पण फोनवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. त्या फाँटमध्ये आत रोमन अक्षरंच असतात, फक्त वरचा आकार मराठी असतो. युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं, शोधता येतं, आणि वाचून दाखवणाऱ्या सोयीलाही कळतं. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय फार मोठी आहे. बोलून टाइप करत असाल तर गावांची नावं आणि आकडे डोळ्यांनी तपासा, बोललेलं तिथेच बिघडतं.

९. गप्प बसून तपासा

लेख झाला. आता तो माणूस बोलवा, ज्याने हे काम कधी केलेलं नाही. त्याला दोन गोष्टी सांगा: "परीक्षा माझ्या लेखाची आहे, तुमची नाही," आणि "मी काही सांगणार नाही, पण अडलात की मोठ्याने म्हणा." मग खरंच गप्प बसा. हाताची घडी घाला. मी पहिल्यांदा बसले तेव्हा तीन वेळा माझं बोट आपोआप मामांच्या फोनकडे गेलं, आणि ज्या ज्या वेळी मी दाखवलं त्या त्या जागी लेखात काय कमी आहे ते मला कळायचंच राहिलं.

वहीत काय टिपायचं: माणूस कोणत्या ओळीवर थांबला, कोणती ओळ दुसऱ्यांदा वाचली, काय चुकीचं दाबलं, कुठे त्याने लेख सोडून स्वतःच्या अंदाजाने केलं. "हं, कळलं" या शब्दांवर विसंबू नका. समोर बसलेल्या पोरीचं मन राखायला लोक तसं म्हणतात. डोळे आणि बोट बघा.

तीन माणसं पुरतात, पण तिघं वेगळी हवीत. माझी नेहमीची तिघं म्हणजे मामा, शेजारच्या मावशी आणि अकरावीतला एक मुलगा. मामा प्रत्येक अक्षर वाचतात. मावशी कागदांची यादी वाचून आधी सगळे कागद काढून ठेवतात, मगच फोन हातात घेतात. मुलगा मजकूर वाचतच नाही, चित्रं बघत सुसाट जातो आणि सगळ्यात जास्त चुका करतो. त्याच्यामुळे मला कळलं की नुसत्या चित्रांवरूनही काम झालं पाहिजे आणि नुसत्या मजकुरावरूनही. दोघांसाठी एकच लेख आहे.

माणूस अडला की त्याच्यासमोरच ओळ दुरुस्त करू नका. पूर्ण होऊ द्या, चहा घ्या, आणि मग त्याला विचारा, "इथे मी काय लिहायला हवं होतं?" त्याने सांगितलेले शब्द तसेच लिहून घ्या. माझ्या ई-पीक लेखाच्या पायरी ९ मधलं "एक एकर म्हणजे साधारण ४० आर" हे मावशींचं वाक्य आहे. माझ्या मसुद्यात हेक्टरचं रूपांतर दशांशाच्या चार स्थळांपर्यंत होतं.

१०. तारीख, आवृत्ती आणि तुमचा फोन नंबर

लेखाच्या पहिल्या ओळीत तारीख टाका. "हे अमुक महिन्यात, अमुक आवृत्तीच्या ॲपवर करून पाहिलं." ॲपचे पडदे बदलतात, शुल्क बदलतं, मुदती बदलतात. तारखेशिवाय फिरणारा जुना लेख नव्या माणसाला चुकीच्या मुदतीवर विसंबायला लावतो. मुदत लिहायचीच झाली तर "शेवटची तारीख तलाठी कार्यालयात विचारून घ्या" हेही जोडा.

ॲप कुठून घ्यायचं ते अधिकृत जागेवरूनच सांगा. ओळखीच्याने पाठवलेली फाइल उघडून ॲप चढवायला कधीही सांगू नका. सारख्या नावाची ॲप असतात. बनवणाऱ्याचं नाव काय दिसलं पाहिजे ते चित्रात दाखवा.

लेखाखाली तुमचा नंबर दिलात तर एक होणार हे धरून चाला: लोक विश्वासाने आधारचे फोटो, पासबुकं, कधीकधी ओटीपीसुद्धा पाठवतील. पहिल्याच वर्षी माझा फोन अशा फोटोंनी भरला. आता लेखाखाली ठळक लिहिते, "शंका विचारा, कागद पाठवू नका", आणि तरी आले तर लगेच पुसून टाकते व पाठवणाऱ्याला तसं कळवते. आपल्यावर टाकलेला भरवसा आहे तो, सांभाळायलाच हवा.

दर हंगामाआधी लेख नव्याने करून पाहावा लागतो. त्यासाठी मी मामांकडे छापील प्रत ठेवलीय, समास मुद्दाम मोठा सोडून. गेल्या खरिपात ती परत आली तेव्हा घडीवर माती होती आणि पायरी ४ च्या समासात पेनाने लिहिलं होतं: "आठे बदली गयं. आते आधी गाव इचारस." म्हणजे, इथे बदललंय, आता आधी गाव विचारतो. मी जुन्या फोनवर ॲप काढून पुन्हा घेतलं, चौथ्या आणि पाचव्या पायरीची अदलाबदल केली, वर नवी तारीख टाकली आणि संध्याकाळी मामांना नवी प्रत पाठवली.